सांगड : दोन होड्या आणि एक शीड

प्रस्तावना

धाम नदीत मी पोहायला शिकलो तेव्हा माझ्या पाठीवर दोन वाळलेले भोपळे होते. आजोबांनी मध्ये वीतभर काठी घालून ते सुंभाने एकमेकांना जखडले होते आणि पट्टा माझ्या छातीखालून घेतला होता. एकटा भोपळा पाण्यात गरकन फिरतो आणि पोरालाही फिरवतो. दोन भोपळे काठीने जोडले की दोघांनाही फिरता येत नाही. एक जरा जास्त बुडाला की पाणीच त्याला वर रेटतं आणि जोडी पुन्हा सपाट होते. आजोबा या जोडीला सांगड म्हणत.

पुढे शाळेत 'सांगड घालणे' हा वाक्प्रचार आला. विचार आणि आचार यांची सांगड, जुन्याची आणि नव्याची सांगड. गुरुजी अर्थ सांगत आणि आम्ही वाक्यात उपयोग करत असू. हा शब्द मुळात नदीवरचा आहे हे वर्गात कुणी बोललं नाही. जुने मराठी कोश उघडले तर सांगड म्हणजे एकमेकांना बांधलेल्या दोन होड्या किंवा तरंगणाऱ्या वस्तूंची जोडी. रोजच्या बोलण्यात आपण जो शब्द सर्रास वापरतो, तो एका नौकेचं नाव आहे. ती नौका मात्र आपण विसरलो.

हे पुस्तक त्या नौकेचं आहे. २४ फूट लांबीच्या दोन निमुळत्या होड्या, त्यांना जोडणारे तीन आडवे दांडे, वर फळ्यांचा मंच, मागे एक छोटी मोटर आणि पुढे एक साधं शीड. घराच्या अंगणात, एका सुताराच्या आणि घरच्या दोन-तीन माणसांच्या हातांनी ती बांधता यावी, ट्रकमधून धरणाच्या काठावर नेता यावी आणि सहा माणसांना घेऊन तिने शांतपणे पाण्यावर जावं, एवढाच तिच्याकडून माझा आग्रह आहे. तिचं आरेखन कसं करायचं, बांधणी कशी करायची आणि मोटर व शीड यांचा मेळ घालून ती चालवायची कशी, हे पुढच्या प्रकरणांत क्रमाने येईल. या प्रस्तावनेत मला तिच्यामागचं कारण आणि तिच्यातलं तत्त्व सांगायचं आहे.

पवनारमध्ये बसून नौकेचं पुस्तक का लिहायचं, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. धाम नदी पावसाळ्यात दुथडी वाहते, पण उन्हाळ्यात खडक उघडे पडतात आणि पाणी डोहाडोहांत उरतं. २४ फुटांची नाव या पात्रात वर्षातले थोडेच महिने फिरू शकेल. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत विदर्भाचा नकाशा बदलला आहे. धामवर महाकाळीचं धरण झालं, बोर नदीवर बोर धरण झालं, वर्धा नदीवर अप्पर वर्धा आणि निम्न वर्धा झाले, वैनगंगेवर गोसीखुर्द उभं राहिलं. जिथे आमच्या आजोबांच्या पिढीने ओढे आणि नाले पाहिले तिथे आज नजर पोचणार नाही एवढं पाणी आहे. त्या पाण्यावर भोई आणि ढिवर मासेमारी करतात, पलीकडच्या शेतात मजूर जातात, देवदर्शनाला कुटुंबं जातात. पाणी वाढलं, पण नाव तीच राहिली, अरुंद डोंगा.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात, झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जण गेले. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ, वैनगंगेपलीकडे मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायकांचा डोंगा उलटला. या दुर्घटनांची चौकशी करणं माझं काम नाही आणि त्यांचा निवाडा देण्याचा मला अधिकार नाही. पण या बातम्या वाचल्या तेव्हा पाठीवरचे दोन भोपळे मला आठवले. आठ वर्षांच्या पोराला पाण्यात सोडताना आजोबांना जी काळजी वाटली आणि जो उपाय सुचला, तो मोठ्या माणसांच्या नावेला का लावू नये? या पुस्तकाची सुरुवात तिथून झाली.

जगात दोन होड्यांच्या या नौकेला कॅटामरान म्हणतात. हा शब्दही परका नाही. तमिळ 'कट्टुमरम' म्हणजे बांधलेलं लाकूड. कोरोमंडलच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार लाकडाचे ओंडके दोराने बांधून त्यावर समुद्रात जात. तो खरं तर तराफा, पण युरोपियनांनी शब्द उचलला आणि पुढे तो दोन होड्यांच्या जोडीला चिकटला. पहिल्या शतकात कुणीतरी ग्रीक भाषेत हिंदी महासागराची जी मार्गदर्शिका लिहिली, तिच्यात याच पूर्व किनाऱ्यावरच्या, एकसंध लाकडं एकमेकांना जोडून केलेल्या मोठ्या नौकांचा उल्लेख 'संगर' असा येतो. मल्याळममधलं 'चंगाडम' आणि आपली 'सांगड' यांच्याशी या शब्दाचं नातं अभ्यासकांनी जोडलं आहे. आपल्या कोकणात तर दुसरी एक युक्ती आजही जिवंत आहे. रत्नागिरी, मालवणकडच्या लहान होडीला एका बाजूला दोन काठ्यांवर एक हलकं लाकूड लावतात. त्याला उलांडी म्हणतात. उलांडी म्हणजे अर्धी सांगड. होडी अरुंद आणि हलकी ठेवायची आणि स्थैर्य बाहेरून उसनं आणायचं, हे शहाणपण आपल्या किनाऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या लोकांनी याच तत्त्वावर हजारो किलोमीटरचे प्रवास केले. १९७६ साली 'होकुलेआ' ही जुन्या धर्तीची जोडनौका, आधुनिक उपकरणांवाचून, हवाईहून ताहितीला गेली आणि ते प्रवास दंतकथा नव्हते हे जगाला पटलं. त्याच्या १०० वर्षं आधी, १८७६ साली, नॅथॅनिएल हेरेशॉफ या अमेरिकन अभियंत्याने 'अ‍ॅमरिलिस' नावाची जोडनौका न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली. तिने भल्याभल्या नौकांना मागे टाकलं, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार करून तिला शर्यतीबाहेर काढलं. घरी नौका बांधणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र सगळ्यात मोठं नाव जेम्स व्हॅरम या इंग्रजाचं. १९५०च्या दशकात त्याने अगदी थोड्या पैशांत साडेतेवीस फुटांची 'टँगारोआ' स्वतः बांधली आणि दोन सहकारी स्त्रियांसह अटलांटिक ओलांडला. पुढे आयुष्यभर तो सामान्य माणसांसाठी नौकांचे आराखडे काढत राहिला. त्याची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुढच्या बऱ्याच आराखड्यांत दोन होड्या आणि आडवे दांडे त्याने नटबोल्टने आवळले नाहीत, दोराने बांधले. लाटेत दोन्ही होड्या थोड्या वेगवेगळ्या हलतात. बोल्टचा सांधा ती हालचाल अडवतो आणि सगळा ताण एका भोकापाशी गोळा होतो. दोराची गाठ थोडी देते आणि ताण सगळीकडे वाटून टाकते.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. मी चुकून शिकलो. माझी पहिली जोडनौका १२ फुटांची होती. मजबुतीच्या हव्यासापोटी मी लोखंडी चौकट केली आणि ती बोल्टने घट्ट आवळली. दुसऱ्याच महिन्यात, धरणाच्या पाण्यावर वारा सुटलेला असताना, एका होडीच्या काठाला बोल्टच्या भोकापासून हातभर चीर गेली. आम्ही काठाजवळ होतो म्हणून निभावलं. चूक माझी होती. वजन म्हणजे मजबुती असं मी समजत होतो. या पुस्तकातला सांध्यांवरचा सगळा भाग त्या चिरेतून आला आहे.

आता तत्त्वाकडे येऊ. पाण्यावरच्या नावेला दोन प्रकारचे अडथळे असतात. एक पाण्याच्या घर्षणाचा आणि दुसरा लाटांचा. नाव पुढे जाताना स्वतःच लाटा उठवते आणि त्या उठवण्यात तिची शक्ती खर्च होते. रुंद, फुगीर नाव एका विशिष्ट वेगानंतर स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात अडकते. मग मोटर दुप्पट केली तरी वेग जेमतेम वाढतो, इंधन मात्र दुप्पट जळतं. पाण्याच्या रेषेवर २४ फूट लांब असलेल्या साध्या नावेसाठी हा उंबरठा सुमारे साडेसहा नॉट, म्हणजे ताशी १२ किलोमीटर असतो. पण होडी तिच्या रुंदीच्या दहा-बारा पट लांब असेल तर ती पाणी हलकेच दुभंगून जाते, लाट फार लहान उठते आणि तो उंबरठा जवळजवळ जाणवत नाही. अडचण अशी की इतकी सडपातळ होडी एकटी उभी राहू शकत नाही, ती कलंडते. म्हणून दोन घ्यायच्या आणि त्यांची सांगड घालायची. वेग सडपातळपणातून येतो आणि स्थैर्य दोघींमधल्या अंतरातून.

या पुस्तकातल्या नौकेचे आकडे इथेच देतो, म्हणजे पुढचं वाचताना ते डोळ्यांसमोर राहतील. प्रत्येक होडीची पाण्याच्या रेषेवरची लांबी ७.२ मीटर, रुंदी ६० सेंटीमीटर, पाण्यातली खोली ३० सेंटीमीटर. दोघींच्या मध्यरेषांमध्ये ३ मीटर अंतर. या मापांच्या आणि आमच्या आकाराच्या दोन होड्या मिळून सुमारे १,३७० लिटर पाणी बाजूला सारतात, म्हणजे गोड्या पाण्यात नौकेचं सगळं मिळून वजन १,३७० किलो असायला हवं. त्याचा हिशेब असा: बांधणी ६२० किलो, मोटर, इंधन आणि बॅटरी १३०, डोलकाठी आणि शीड ६०, नांगर, दोर आणि हत्यारं ६०, सहा माणसं ३९०, आणि ११० किलो शिलकीत. ही शिल्लक कधीही संपवायची नाही. या नौकेत साधारण ६२ किलो चढले की ती १ सेंटीमीटर खाली बसते. म्हणजे एक माणूस, एक सेंटीमीटर. मी नौकेच्या बाजूला रंगाने रेघा मारायला सांगितल्या आहेत, त्या एवढ्याचसाठी. चढणाऱ्या प्रत्येकाला त्या दिसाव्यात आणि शेवटची रेघ पाण्याला टेकली की सातव्या माणसाला काठावरच थांबवण्याचं बळ नावाड्याला मिळावं.

स्थैर्याचा हिशेब तर मला आजही थक्क करतो. एकाच होडीचं स्थैर्य तिच्या रुंदीच्या घनाने वाढतं, जोडनौकेचं दोन होड्यांमधल्या अंतराच्या वर्गाने. एवढंच वजन वाहणारा, तेवढ्याच लांबीचा आणि १.२ मीटर रुंदीचा डोंगा घेतला आणि आपली सांगड घेतली, तर आकारातून मिळणारं सुरुवातीचं स्थैर्य सांगडीत वीस पटींहून जास्त भरतं. सांगडीच्या मंचावर चार माणसं मध्यापासून मीटरभर एका बाजूला सरकली तर मंच सव्वा अंशाच्या आसपास झुकतो, पाण्याचा पेला सांडत नाही. डोंग्यात बसलेली चार माणसं घाबरून एकदम उभी राहिली तर भार वर जातो आणि स्थैर्याची होती ती शिल्लक संपते. भ्यालेली माणसं उभी राहणारच. त्यांना उभं राहू नका म्हणून ओरडण्यापेक्षा, ती उभी राहिली तरी सांभाळेल अशी नाव बांधणं हे बांधणाऱ्याचं कर्तव्य आहे असं मी मानतो.

पण सांगडीचाही एक धोका आहे आणि तो पहिल्याच पानांत सांगायला हवा. डोंगा उलटतो तसा काही वेळा परत सुलटाही करता येतो. सांगड उलटली तर ती उलटीच स्थिर राहते. तिचं स्थैर्य थोड्या झुकावाला प्रचंड असतं, पण एक होडी पाण्याबाहेर निघाली की ते वाढायचं थांबतं आणि मग उतरत जातं. म्हणून शीड लहान, डोलकाठी बुटकी आणि अंगावर तरंगजाकीट, या तीन गोष्टींवर मी तडजोड केलेली नाही.

शीड आहे १२ चौरस मीटरचं. १५ नॉट वाऱ्यात त्यावर सुमारे ५० किलोचा जोर येतो. तो पाण्यापासून साडेतीन मीटर उंचीवर धरला तर नौकेला कलंडवणारा जोर तिच्या सावरण्याच्या कमाल शक्तीच्या अकराव्या भागाएवढाही होत नाही. हे वाचून निर्धास्त होऊ नका. वारा तिप्पट झाला की जोर नऊपट होतो. मे महिन्यात वळिवाआधी आपल्याकडे जी वावटळ येते, धुळीचा पडदा घेऊन पाच मिनिटांत आकाश काळं करते, तिच्यात हा हिशेब काठावर येतो. म्हणून शीड एका दोराने, एका हाताने, दहा सेकंदांत खाली आलं पाहिजे. साधं शीड निवडण्याचं खरं कारण हे आहे. चौकोनी शीड, त्याच्या वरच्या कडेला एक आडवी काठी आणि ती वर ओढणारा एकच दोर. दोर सोडला की काठीच्या वजनाने शीड खाली येतं. त्या काठीसाठी गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातला मानवेल बांबू उत्तम. तो जवळजवळ भरीव असतो, वाकतो आणि सहसा मोडत नाही. डोलकाठीला तीन ताण पुरतात, दोन बाजूंना आणि एक पुढे. होड्या एकमेकींपासून लांब असल्यामुळे बाजूचे ताण रुंद पायावर उभे राहतात आणि त्यांच्यावर भार कमी येतो. रुंदीचा हा आणखी एक फायदा.

मग मोटर कशाला आणि मोटर आहे तर शीड कशाला, असा प्रश्न येतो. दोघांना एकमेकांची गरज आहे. आमच्या नौकेला शांत पाण्यात ६ नॉटने जायला प्रत्यक्ष पाण्यावर उतरणारी शक्ती एक किलोवॅटच्याही आत लागते. पंख्यातली घट धरली तरी दोन-अडीच अश्वशक्तीत काम भागतं. मी ९.९ अश्वशक्तीची मोटर सुचवली आहे ती वेगासाठी नव्हे. समोरून वारा आणि लाट आली तर तिच्याशी झगडायला राखीव ताकद हवी म्हणून ती सुचवली. हलकी आणि सडपातळ जोडनौका किती थोडक्यात चालते याचा चांगला दाखला केरळात आहे. तिथे वैकोमजवळ २०१७ पासून 'आदित्य' ही सौरऊर्जेवर चालणारी जोडनौका ७५ प्रवासी घेऊन रोज फेऱ्या मारते. छतावरच्या सूर्यप्रकाशावर एवढी माणसं वाहणं फुगीर नावेला फार जड गेलं असतं.

आता शीड जोडा. वारा पाठीमागून १५ नॉटने येतोय आणि नौका ६ नॉटने चालली आहे. तिला जाणवणारा वारा ९ नॉटचाच. तरीही हे शीड मोटरच्या कामातला साधारण दोन-तृतीयांश भाग उचलतं. मोटर मंद ठेवता येते, आवाज खाली येतो, इंधन वाचतं. वारा बाजूने असेल तर शिडाचा वाटा आणखी वाढतो आणि मोटर बंद करूनही प्रवास होतो. समोरून येणाऱ्या वाऱ्याला मात्र हे साधं शीड काही करू शकत नाही. तेव्हा ते उतरवायचं आणि मोटरवर जायचं. मधल्या दिशांमध्ये खरी कला आहे. मोटर चालू असली की नौकेचा स्वतःचा वेग वाऱ्यात मिसळतो आणि वारा थोडा पुढून येतोय असं भासतं. मोटारसायकलवर बसल्यावर वाऱ्याचा पत्ता नसलेल्या दिवशीही तोंडावर वारा लागतो, तसंच. त्या भासणाऱ्या वाऱ्याला शीड जुळवून घ्यायचं असतं. ते फडफडायला लागलं तर ते मदत थांबवून ओझं झालं आहे असं समजावं. कोकणच्या किनाऱ्यावर पहाटेचा मतलई वारा आणि दुपारचा खारा वारा यांच्या तालावर नावा निघत आणि परतत. मोटरने या तालाची गरज संपवली नाही, तिने ताल चुकल्यावर घरी येण्याची सोय दिली. आणि उलट, मोटर भर पाण्यात बंद पडली तर शीड घरी आणतं. परतीच्या दोन वाटा असाव्यात, हे या नौकेचं सूत्र आहे.

सामानाबद्दल थोडं. होड्या ६ मिलीमीटरच्या मरीन प्लायवुडच्या आहेत, भारतीय मानक ७१०ची खूण असलेल्या. कापलेल्या शीटच्या कडा तांब्याच्या तारेने टाचायच्या, आतून इपॉक्सीच्या लेपाने सांधे भरायचे आणि वर काचतंतूची पट्टी चढवायची. कपडा शिवावा तशी होडी शिवली जाते. सुताराला पाहिजे ते सूत मिळालं की आकार आपोआप उभा राहतो. लाकडी पट्ट्यांसाठी आणि दांड्यांसाठी आलापल्ली-बल्लारपूरकडचं सागवान हाताशी आहे, पण सागात तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी ते पुसून काढावं लागतं, नाहीतर सांधा वर्षभरात सुटतो. विदर्भातल्या माणसाने ऋतूही पाहायला हवा. तापमान दहा अंशांनी वाढलं की इपॉक्सी जवळजवळ निम्म्या वेळात घट्ट होतं. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत वाटीतलं मिश्रण ब्रश फिरवण्याआधी धुमसू लागतं. पावसाळ्यात दमट हवेने त्यावर चिकट पापुद्रा धरतो आणि पुढचा थर बसत नाही. दिवाळी ते होळी हा आपला बांधणीचा हंगाम. सकाळी उन्हात लाकूड सुकवा, दुपारी चिकटवा आणि रात्रीच्या थंडीत सांध्यावर गोधडी पांघरा.

कोणी म्हणेल, हे सगळं मोठ्या यार्डांचं काम आहे. त्याला मी मुंबईची गोष्ट सांगेन. १९६३-६४ मध्ये मुंबईत सागवानाची ३२ फुटांची एक नौका हातहत्यारांनी बांधली गेली. बांधणारे सुतार इथले होते. तिचं नाव 'सुहेली'. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून १४ जून १९६८ ला निघाले आणि २२ एप्रिल १९६९ ला, एकट्याने आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले नाविक म्हणून परतले. पुढे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या ध्यासातून गोव्यात दिवाडीला, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात, ५६ फुटांची 'म्हादेई' बांधली गेली. तिच्यातून दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला निघून १९ मे २०१० ला परतले, एकट्याने पृथ्वीला फेरी घालणारे पहिले भारतीय. त्यानंतर २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी याच नौकेतून न थांबता फिरून आले. या नौका एकेरी आहेत, माझ्या सांगडीच्या वंशातल्या नाहीत. पण त्या बांधणारे हात आपल्याच किनाऱ्यावरचे होते, ही गोष्ट मला या पुस्तकाच्या प्रत्येक पानावर धीर देत राहिली.

आणि हातांनी करण्याचा धडा तर वर्ध्याला नवा नाही. १९३४ साली ग्रामोद्योग संघ मगनवाडीत आला, जे. सी. कुमारप्पांनी तिथे गावच्या हत्यारांचा आणि धंद्यांचा अभ्यास उभा केला. १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडलं. त्याच वर्षी विनोबा धाम ओलांडून पवनारला आले आणि नदीपलीकडच्या जागेला त्यांनी परंधाम म्हटलं. तिथली जमीन खणताना वाकाटक काळातली शिल्पं वर आली. हे गाव म्हणजे वाकाटकांची प्रवरपूर ही राजधानी असं इतिहासकार वा. वि. मिराशींनी मांडलं. गावाच्या नावात आम्हाला पवन ऐकू येतो, इतिहासकारांना वाकाटक राजा प्रवरसेन. विनोबांनी परंधाममध्ये शेतीपासून सुतापर्यंत सगळं स्वतःच्या हाताने करून पाहिलं. विज्ञान आणि अहिंसा मिळून सर्वोदय होतो, असं त्यांचं समीकरण होतं. या पुस्तकातलं गणित आणि त्यामागची काळजी ही मी त्याच समीकरणाची एक छोटी, पाण्यावरची आवृत्ती समजतो. गांधीजींच्या अस्थी ज्या धामेत सोडल्या गेल्या, तिच्या काठावर बसून, माणसं बुडू नयेत यासाठी काही लिहिणं हे मला माझ्या गावाचं देणं वाटतं.

पुस्तक कसं वाचावं, हे सांगून थांबतो. पहिल्या प्रकरणातल्या प्रयोगानंतर आधी आरेखनाची चार प्रकरणं वाचा, हत्यार उचलू नका. मग पुठ्ठ्याचा एक फूट लांबीचा नमुना करा. त्यानंतरच प्लायवुड विकत घ्या. मंच पाण्यापासून अर्धा मीटर उंच ठेवण्याचा नियम मोडू नका, नाहीतर प्रत्येक लाट खालून मंचावर आदळेल. तीन मीटरहून रुंद नौका जोडलेल्या अवस्थेत रस्त्याने नेता येत नाही, म्हणून दोराचे सांधे सोडून दोन होड्या ट्रकमध्ये शेजारी शेजारी ठेवायच्या आणि काठावर पुन्हा बांधायच्या. पाण्यात उतरण्याआधी २०२१च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली काय लागू होतं ते जिल्ह्यातल्या संबंधित कार्यालयात विचारून घ्या. प्रवासी न्यायचे असतील तर ही पायरी कधीच गाळू नका.

या कामात मला ज्यांनी हात दिला त्यांची नावं त्यांच्या इच्छेप्रमाणे छापत नाही. पण आमच्या आळीतल्या त्या म्हाताऱ्या भोईबाबांना विसरता येणार नाही. माझे आकडे त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाबू, आमचा डोंगा चांगलाच आहे. त्याले फक्त एक भाऊ पाहिजे." साऱ्या हिशेबांतून मी जिथे पोचलो, तिथे ते आधीपासून उभे होते.

या प्रस्तावनेनंतरचं पहिलं प्रकरण प्रयोगाचं आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. झाकण लावलेली एक रिकामी बाटली बादलीत टाका आणि तिच्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून पाहा. मग तशीच दुसरी बाटली घ्या, मध्ये वीतभर अंतर ठेवून दोन काड्यांनी आणि दोऱ्याने दोघी बांधा, काड्यांवर पुठ्ठ्याचा तुकडा टाका आणि त्यावर नाणं ठेवा. जे दिसेल ते आपल्या मुलांना दाखवा आणि पुढचं प्रकरण त्यांच्यासोबत वाचा.

पवनार, जि. वर्धा